मयेकर मास्तरांची सत्तावीस गावं

माझ्या हातून एक मुलूख पुसला गेला आहे. तो पुसण्यासाठी राजांनी, सुलतानांनी आणि झारांनी फौजा पाठवल्या, तोफा डागल्या, दोन-अडीचशे वर्षं घालवली. तरी त्यांना तो पुरता पुसता आला नाही. मला एक शिळा पाव आणि शनिवारची दुपार पुरली. आमच्या घरात तेव्हा पाव येत नसे, म्हणून तो मी शाळेच्या शिपायाकडून आणवला आणि हाताला स्पर्श नको म्हणून कागदात धरून वापरला. म्हणजे पाप केलं, पण सोवळ्यात केलं.

हे हसत हसत लिहितो आहे याला कारण आहे. गंभीरपणे सांगायला लागलो की माझा आवाज कीर्तनकारासारखा होतो आणि बायको उठून आत जाते. शिवाय ज्यांच्याविषयी लिहायचं आहे त्या मयेकर मास्तरांना रडका सूर मुळीच खपत नसे.

एकोणीसशे सव्वीस-सत्तावीसच्या सुमाराला मी रत्नागिरीत एका शाळेत इंग्रजी शिकवायला लागलो. मयेकर मास्तर तिथे भूगोल आणि ड्रॉइंग शिकवत. ते पंचेचाळिशीचे, मी चोविशीचा. मी बी.ए. झालेला, त्यांच्यापाशी मॅट्रिकही नाही, फक्त ड्रॉइंगच्या परीक्षा. हा फरक त्यांच्या ध्यानात राहत नसे, म्हणून मी त्याची अधूनमधून आठवण करून देत असे. ते मला ‘काय हो बी.ए.’ अशी हाक मारायचे. तो मान आहे, अशी माझी पुष्कळ दिवस समजूत होती.

उंच, किडकिडीत माणूस. वडील गलबतावर तांडेल होते. त्याचाच परिणाम असावा, मास्तर वर्गात शिरले की आधी खिडकीतून आभाळाकडे बघत आणि मग मुलांकडे. अंगात बारा महिने खाकी लष्करी कोट. रत्नागिरीच्या घामट हवेत आम्ही सदऱ्यातही उकडून निघायचो, पण हे कोटाची वरची गुंडीसुद्धा काढत नसत. मधल्या सुट्टीत टिनाच्या मगात बिनदुधाचा चहा घ्यायचे, तोही गुळाचा खडा दातात धरून, त्यावरून घोट सोडत. त्या घोटाचा आवाज हेडमास्तरांच्या खोलीपर्यंत जाई. कुणी हसलं की म्हणत, “हसा. माझा कोसॅक असाच चहा प्यायचा. त्याला गूळ मिळत नव्हता, साखरेचा दगड मिळायचा, एवढाच काय तो फरक.”

‘माझा कोसॅक’ हा शब्द शाळेत कुणाला नवा नव्हता. चौदा सालच्या लढाईच्या दिवसांत मास्तर बसऱ्याला लष्कराच्या कोठीवर कारकून होते. रशियात उलथापालथ झाली तेव्हा तिकडचे काही शिपाई इराणात अडकून पडले. इंग्रजांनी त्यांना बसऱ्याजवळच्या छावणीत आणून ठेवलं. त्यांतला एक पेत्रो. मास्तरांच्या कोठीवर घोंगडी घ्यायला आला आणि घोंगडी झाल्यावर त्यानं पेन्सिल मागितली. तंबाखू नाही, साबण नाही, पेन्सिल. मास्तर म्हणायचे, “ड्रॉइंग मास्तराकडं उपाशी माणसानं पेन्सिल मागितली तर तो त्याला भाऊ मानणार नाही तर काय करणार?” दोघांचं बोलणं मोडक्या फारशीत. पेत्रोनं ती इराणात उचललेली, मास्तरांनी लहानपणी, इराणच्या आखातात गलबतं नेणाऱ्या राजिवड्याच्या नाखव्यांकडून.

छावणीचा साहेब फॉर्म भरून घेत होता. त्यानं पेत्रोला विचारलं, “कोणाची प्रजा?”

पेत्रो म्हणाला, “कुठल्या साली?”

साहेब चिडला. मग पेत्रोनं बोटं मोजून दाखवली. जन्मलो तेव्हा झाराची. मग झार गेला, तेव्हा काही महिने आमच्याच पंचायतीची. मग एका सेनापतीची. मग लाल झेंडेवाल्यांची. “या आठवड्याची बातमी अजून आलेली नाही, आली की कळवतो.”

मास्तरांनी हा प्रश्न आपलासा केला होता. काहीही विचारा, ते म्हणत, “साल सांगा, मग बोलू.” एकदा हेडमास्तरांनी कोपऱ्यातली छत्री उचलून विचारलं, “ही छत्री कुणाची?” मास्तर शांतपणे म्हणाले, “साल सांगा.” ती छत्री आधी गणिताच्या मास्तरांची होती, मग एक वर्ष ग्रंथालयात लोंबत होती, आणि त्या पावसाळ्यापासून ती स्वतः हेडमास्तरच वापरत होते. हेडमास्तरांनी ती मुकाट्यानं होती तिथे ठेवली.

वर्षातून एक तास ते वर्गात पेत्रोचा मुलूख शिकवत. अभ्यासक्रमात तो नव्हता. मधला बाक म्हणजे नीपर नदीच्या खालच्या अंगाचं गवताळ रान. खिडकीकडचा बाक पोलंडचा राजा, दाराकडचा तुर्कांचा सुलतान आणि त्याच्या हाताखालचा क्रिमियाचा खान, फळ्याशी मॉस्कोचा झार. “आता मधल्या बाकावर कोण आले, सांगा मेल्यांनो?” आणि स्वतःच सांगत, “जे धन्याच्या वेठीला कंटाळून पळाले ते. आपल्याकडं खोताच्या जाचानं एखादं कूळ वर सड्यावर, कातळावर जाऊन झोपडी घालून राहिलं तर? तसे. पण हे एक कूळ नव्हतं, हजारो होते. घोडे होते, होड्या होत्या. नदीतून होड्या घेऊन खाली समुद्रात उतरायचे आणि थेट सुलतानाच्या दारात जाऊन दंगा करायचे.” खोत म्हटलं की पोरं हळूच शेजारच्या माझ्या वर्गाकडे बघत, कारण आमचं घराणं खोतांचं. मी एकदा व्हरांड्यातून जात होतो तर मास्तरांनी मला हाताला धरून आत ओढलं आणि फळ्याशी उभं केलं. “हे झार.” मी झारासारखा उभा राहिलो. मला ते जमलं, याचं अजून वाईट वाटतं.

मग तिन्ही बाजू मधल्या बाकाला आपल्याकडे ओढत. राजा म्हणे, माझ्यासाठी लढा. सुलतान म्हणे, माझ्याकडे या. मधली पोरं प्रत्येकाला सांगत, “आम्ही तुमचेच!” वर्ग हसून लोळायचा. शेवटी मास्तर मधला बाक उचलायला लावत आणि वर्गाच्या दुसऱ्या टोकाला, पार कोपऱ्यात ठेवायला लावत. “झाराच्या गादीवर बाई आली. तिनं यांचा नदीवरचा कोट, म्हणजे किल्ला, पाडला आणि यांना सांगितलं, आता तुम्ही कुबान नदीवर जा, डोंगराकडल्या हद्दीवर पहारा करा. गेले. जाताना काय नेलं? घरं नेता येत नाहीत, नदी नेता येत नाही. गावांची नावं नेली. जुन्या छावण्यांची नावं नव्या गावांना दिली. मुंबईला आपले लोक गेले की खोलीला गावाचं नाव पडतं की नाही? तसं.” इथे ते थांबत, आभाळ बघत आणि मग नेहमीचं वाक्य सांगत: “म्हणून नकाशात नदी शाईनं काढायची, हद्द पेन्सिलीनं.”

मुलांच्या वह्यांत हद्द शाईनं काढलेली दिसली की ते पान फाडून टाकत.

त्या तासाला ते स्वतःचा नकाशा टांगत. लष्कराचा छापील इंग्रजी नकाशा, मागून कापड लावून रुळाला जोडलेला. त्याच्यावर पेत्रोनं छावणीत बसून पेन्सिलीनं हद्दी काढल्या होत्या. पोलंडच्या राजाच्या वेळची तुटक रेघ, सुलतानाच्या वेळची टिंबांची, झाराची फुल्यांची, आणि क्रांतीनंतरच्या दोन-तीन वर्षांतल्या इतक्या की तिथे कागद राखाडी झाला होता. कुबानच्या काठाला त्यानं बारीक रशियन अक्षरांत सत्तावीस गावांची नावं लिहिली होती. त्याचं गाव, आईचं माहेर, बहिणीचं सासर, जत्रेची गावं, भांडणाची गावं. प्रत्येक नावाखाली मास्तरांनी, त्याच्या तोंडून ऐकून, देवनागरीत उच्चार लिहिला होता. जाताना पेत्रो म्हणाला होता, “हे तू ठेव. माझ्यापाशी राहिलं तर कुणीतरी हिसकावून घेईल. तुमच्या गावात कोण नेणार आहे?”

मास्तर त्या मुलखाचा इतिहास मराठीत लिहीत होते. जाड चोपडीत, दर रविवारी चार पानं. हे पेत्रोला दिलेलं वचन होतं. आम्ही तरुण मास्तर मंडळी आपापसात म्हणत असू की पेत्रो म्हणून कुणी नसावाच. मास्तरांनी तो चहाबरोबर तयार केला असावा.

आता माझा राग. अज्ञानातून सगळं घडलं असं सांगता आलं असतं तर किती बरं झालं असतं; पण राग होता. आमच्या घराशेजारी काकांचं आगर, आणि दोहोंच्या मध्ये चिऱ्यांचा गडगा. त्या गडग्यालगतच्या दीड हात जागेसाठी अप्पांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, काकांशी कोर्टात दावा चालू होता. दीड हातात एक रातांब्याचं, म्हणजे कोकमाचं झाड, तेही वाकडं. अप्पांनी त्या दाव्यावर आयुष्य उभारलं होतं. मयेकर मास्तर एकदा घरी आले तेव्हा अप्पांनी त्यांच्याकडून कोसॅकांची कथा ऐकायला घेतली आणि मधेच ते वकिलासारखे पुढे सरकले.

“झारानं लेखी दिलं होतं का काही?”

“झाराच्या आश्रयाला जाताना कोसॅक म्हणाले, आम्ही शपथ घेतो, तुमच्या झारानंही घ्यावी. झाराचा वकील म्हणाला, झार प्रजेपुढं शपथ घेत नसतो.”

“तिथंच घोटाळा झाला!” अप्पांनी मांडीवर थाप मारली. “एकतर्फी करार! मग पुढं त्या बाईनं कोट पाडला तेव्हा फिर्याद का केली नाही हो त्यांनी?”

“कोणाकडं करायची, अप्पा? त्या बाईकडंच?”

 “अपील तरी करायला हवं होतं,” अप्पा खेदानं म्हणाले. कोसॅकांविषयी इतकी कळकळ मी दुसऱ्या कुणात पाहिली नाही.

मग मास्तरांनी बाहेर बोट दाखवून विचारलं, “हा गडगा कुणाचा?”

“आमचा,” अप्पा गरजले.

“साल सांगा.”

अप्पांचा चेहरा उतरला. तो गडगा आमच्या आजोबांच्या वेळेला एकदा, आणि काकांच्या वेळेला एकदा, असा दोनदा सरकलेला होता. मास्तर हसले, अप्पाही शेवटी हसले. मला मात्र हसू आलं नाही. आणि पुढच्याच आठवड्यात मास्तरांनी वर्गात सांगितलं, “सीमाप्रदेश बघायला रशियात जायला नको. आपल्या बी.ए. मास्तरांच्या घरी दीड हात आहे.” त्या दिवसापासून पोरं मला पाठीमागे ‘दीडहात’ म्हणायला लागली. माझ्या पाठीवर खडूनं तसं लिहिलेलं मी घरी जाईपर्यंत मिरवलं.

त्याच हिवाळ्यात इन्स्पेक्शन आलं. त्या काळी इन्स्पेक्शन म्हणजे शाळेचं लग्न. भिंतींना चुना, जमिनीला सारवण, बाकांना तेल, शिपायाच्या डोक्याला नवं पागोटं. नकाशे साफ करायचं काम माझ्याकडे आलं. मी तेव्हा तात्पुरता होतो, कायम व्हायचं होतं आणि इन्स्पेक्टरांच्या शेऱ्यावर पुष्कळ अवलंबून होतं. मयेकर मास्तर भाचीच्या लग्नासाठी देवरूखला गेले होते. त्यांचा नकाशा भूगोलाच्या खोलीत इतरांबरोबर टांगलेला राहिला होता.

मला तो कुणाचा आहे हे ठाऊक होतं. त्यावर काय आहे हेही ठाऊक होतं. मी त्यापुढे उभा राहिलो आणि मनाशी म्हणालो, इन्स्पेक्टर या रेघोट्या बघून काय म्हणतील? हा प्रश्न खरा होता. पण त्याच्या खाली ‘दीडहात’ होता, आणि तोही खरा होता. पेन्सिल काढायला पाव उत्तम, हे ड्रॉइंगच्या वर्गात मास्तरांनीच शिकवलेलं. मी शिपाई सखारामला पाव आणायला पाठवलं. एकेक नाव वाचत गेलो आणि पुसत गेलो. नावं मोठी मजेदार वाटली. मग नव्या अॅटलासातून सोव्हिएट सरकारची हद्द तांबड्या शाईनं, पट्टी लावून, अतिशय सुबक काढली. इन्स्पेक्टरांनी शेरा लिहिला की नकाशे नीटनेटके आहेत. आयुष्यात मिळालेली माझी ती एकमेव सरकारी स्तुती.

मंगळवारी मास्तर देवरूखहून परतले. मधल्या सुट्टीत नकाशाचा रूळ काखेत धरून मास्तरांच्या खोलीत आले. मी शिव्यांची तयारी ठेवली होती. उत्तरही तयार होतं, त्यात ‘शिस्त’ हा शब्द दोनदा होता. पण ते दारातच उभे राहून म्हणाले, “कोणी केलं हे मला विचारायचं नाही. मला रागवायचंही नाही. पुसताना ज्यानं वाचलं असेल त्यानं फक्त एवढं सांगावं, काय काय वाचलं. नद्या मला पाठ आहेत. हद्दी मी पुन्हा काढीन. नावं सगळी पाठ नाहीत हो. चोपडीत सहा-सातच उतरवली होती. ताजं आहे तोवर सांगितलंत तर बरं.”

खोलीत पाच जण होतो. हेडमास्तर घड्याळ बघायला लागले. मी चहाच्या कपात बघत बसलो. त्या क्षणी बोललो असतो तर सत्तावीसच्या सत्तावीस नावं देता आली असती, इतकं सगळं ताजं होतं. पण मग कायम झालो नसतो, आणि ‘दीडहात’चं आणखी काही झालं असतं. मास्तरांनी सखारामला बाहेर गाठलं. “सख्या, तुला काय म्हाइती?” सखाराम म्हणाला, “मला काय ठावं, मास्तर!” सखारामचं घर आमच्या जमिनीवर होतं. तो माझ्यासाठी खोटं बोलला, आणि मी त्याला ते बोलू दिलं.

त्यानंतर मास्तरांनी चोपडी बंद केली. वर्षाचा तो तास बंद झाला नाही, पण नकाशा टांगला जाईना. बाकांवरच भागायचं. कधी दुपारी भूगोलाच्या खोलीवरून गेलो तर ते नकाशा खिडकीपाशी तिरपा धरून बघताना दिसत. पेन्सिल जोरानं ओढली की कागदाला खाच राहते. त्या खाचा उन्हात दिसतात का, ते शोधत असत. माझी तांबडी शाई पसरून पुष्कळ खाचांत भरली होती. मी कायम झालो. पगार वाढला, लग्न जुनं झालं, दावा अप्पांच्या मागे मी चालवायला लागलो. रोज शाळेत मास्तरांना नमस्कार करायचो आणि ते म्हणायचे, “काय हो बी.ए.?” आता ते मान म्हणून नाही हे मला समजत होतं, आणि तो मान नाही हेच बरं, असं वाटत होतं.

सात-आठ वर्षं गेली. मास्तर निवृत्त झाले, मांडवीच्या बाजूला त्यांच्या घरी राहू लागले. एका दुपारी मी जेटीकडे निघालो होतो तर पडवीतून हाक आली, “ओ बी.ए.! वाईच इकडं या. बसा.”

त्यांच्या हातात पत्र होतं. पाकिटावर इराणचं तिकीट, पत्ता नुसता ‘मयेकर, ड्रॉइंग मास्तर, रत्नागिरी, मुंबई इलाखा’. पेत्रो इराणातच राहिला होता, मोटार चालवत होता. पत्र त्यानं कुणा कारकुनाकडून इंग्रजीत लिहून घेतलं होतं. मी मोठ्यानं वाचलं. तो म्हणत होता, की तिकडून पळून आलेली माणसं सांगतात, आमच्या गावांत उपासमार झाली, काही गावंच्या गावं उठवून दूर नेली आणि त्यांची जुनी नावं काढून नवी दिली. नव्या नकाशात शोधलं तर एकही ओळखीचं नाव नाही. माझं डोकं आता नीट चालत नाही, बहिणीच्या गावाचं नावही नक्की आठवत नाही. भावा, तुझ्या नकाशावर मी सगळी लिहिली होती. ती उतरवून पाठव. इथे आमची चार घरं आहेत, मेलेल्यांच्या नावानं प्रार्थना करतो तेव्हा गावाचं नाव घ्यावं लागतं.

म्हणजे पेत्रो होता.

मास्तर म्हणाले, “माझं इंग्रजी कोठीवरचं. पोती चाळीस, डबे साठ. त्याच्यापुढं जात नाही. तुमचं अक्षर चांगलं, तुम्ही उत्तर लिहा.” त्यांनी दौत पुढे सरकवली आणि सांगायला लागले. “लिहा. नकाशा जपून आहे. नद्या आहेत. गावांची नावं माझ्या निष्काळजीपणानं गेली. मी लग्नाला गेलो आणि नकाशा उघड्यावर ठेवून गेलो.”

मी पहिली दोन वाक्यं लिहिली. तिसऱ्याला टाक थांबला.  मी म्हटलं, “मास्तर, हे वाक्य मला लिहिता येणार नाही. नकाशा मी पुसला.”

ते माझ्याकडे बघेनात. तोंडातला गुळाचा खडा काढून त्यांनी बशीत ठेवला.

“पावानं?”

“होय.”

“वाटलंच. रबरानं कागद एवढा साफ राहत नाही.”  पडवीखाली त्यांची सून कोकमाची सोलं वाळत घालत होती, तिचा हात थांबला. “आठ वर्षं,” मास्तर म्हणाले. “रोज नमस्कार करत होतास.”

एवढ्या वर्षांत त्यांनी मला प्रथमच ‘तू’ म्हटलं.

“मास्तर, मला माफ करा.”

“माझं काय गेलं, मेल्या? ते मग बघू. वाचली होतीस का नावं? किती आठवतात?”

इथे मला आणखी एक गोष्ट सांगावी लागली, ती पुसण्यापेक्षाही जड गेली. ज्या शनिवारी मी नकाशा पुसला त्या संध्याकाळी घरी जाऊन मी मास्तरांची नक्कल केली होती. त्यांच्यासारखा आभाळाकडे बघून, ती सगळी नावं एकामागून एक म्हणून दाखवली होती. यमू, माझी बायको, तेव्हा नवी होती. ती हसून हसून दमली. ते हसणं मला इतकं आवडलं की पुढे पंधरा दिवस मी तोच खेळ करत होतो. मग आमच्या मांजरांना ती नावं पडली, वासरांना पडली. आमच्या गोठ्यात उमान्स्का नावाची गाय होती. लोक नाव विचारत तेव्हा यमू म्हणे, “यांच्या शाळेतलं आहे.”

हे सांगताना मी वर बघितलं नाही. मास्तरांच्या तोंडून विचित्र आवाज आला. मला वाटलं, रडत आहेत. ते हसत होते, आणि डोळे पुसत होते. “अरे, गाय दूध तरी देते का?”

“देते.”

“उद्या बायकोला घेऊन ये.”

दुसऱ्या दिवशी यमू पडवीच्या कडेला पदर सावरून बसली आणि मास्तरांनी चोपडी उघडली. मला सात आठवली. यमूनं नऊ सांगितली. एकेक मांजर, एकेक वासरू, कुठलं कुठल्या साली झालं ते आठवत. चोपडीतली सहा-सात त्यांतच आली होती. प्रत्येक नाव मास्तर आधी ओठांत म्हणून बघत, मान हलवत आणि मग लिहीत. ‘पोल्तावस्का’ आलं तेव्हा ते म्हणाले, “हे त्याच्या बहिणीचं,” आणि त्यांनी नावाखाली शाईनं रेघ ओढली. सोळावर आम्ही थांबलो. संध्याकाळपर्यंत बसलो, पण सतरावं आलं नाही.

“आता पत्र तू लिही,” ते म्हणाले. “माझ्या नावानं नको. तुझ्या.”

मी लिहिलं. त्यांनी दोनदा वाचायला लावलं, एक शब्द बदलला नाही. मग कोट चढवला, छत्री घेतली आणि पत्र स्वतः पोस्टात टाकायला निघाले. पाखाडीच्या पायऱ्या उतरताना ते पाकीट वाऱ्यानं उडू नये म्हणून छातीशी धरून चालले होते. यमू म्हणाली, “अहो, तुम्ही जा ना बरोबर.” मी गेलो नाही. पुढच्या पावसाळ्यात मास्तर गेले, आणि त्यांची ती पाठ हीच माझ्याजवळची शेवटची आठवण आहे.

पत्रात मी लिहिलं होतं ते असं: ‘महाशय, आपण मला ओळखत नाही. मयेकर मास्तरांनी आपला नकाशा जपला. त्यावरची नावं त्यांच्या गैरहजेरीत मी जाणूनबुजून पुसली, आणि त्यांनी विचारलं तेव्हा गप्प राहिलो. सत्तावीसपैकी सोळा सोबत पाठवत आहे. यांत आपल्या बहिणीचं गाव आहे. अकरा मला परत देता येत नाहीत. आपली आणि मास्तरांची माफी मी मागतोच. पण त्या अकरा गावांची माफी कुणाकडे मागायची हे मला कळत नाही, म्हणून तीही आपल्याकडेच मागतो.’